विजयाताई, 'एक्ता'चं कार्ड उघडंच राहिलं

विजयाताई,

काल शनिवार होता. पावणेआठला मी बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्यापिण्याच्या गाळ्यांमधल्या आपल्या टेबलाशी जाऊन बसले, पंख्याखालच्या, ज्याचा एक पाय डुगडुगतो त्या. कॉफीवाल्या आंटीने न विचारता माझी बिनदुधाची कोपी ओ आणली आणि शेजारी तुमची कमी साखरेची तेह सी ठेवली. मी हाताने नको नको करत होते, तर म्हणते, "युअर फ्रेंड टुडे लेट अह?" तिला खरं सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, "येस, लेट." चहा ठेवून घेतला.

तुम्हाला जाऊन साडेतीन आठवडे झाले. एवढ्या दिवसांत इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्याबद्दल पुष्कळ लिहून आलं. प्रेमळ, हसतमुख, विद्यार्थिप्रिय. ते वाचून तुम्ही नाक मुरडलं असतं, हे मला माहीत आहे. "तीन विशेषणं आणि एकही क्रियापद नाही," असं म्हणाला असता. म्हणून मी तिथे काहीच लिहिलं नाही. मला जे लिहायचं आहे ते ग्रुपवर टाकण्यासारखं नाही.

मी तुमचं एक वाक्य खोडलं होतं. ते तुम्ही का लिहिलं होतं, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. आणि जे कळलं ते तुमच्या मुलाला, निखिलला सांगायचं की गिळून टाकायचं, हे ठरवणं माझ्या गळ्यात येऊन पडलं. काल मी त्याचीच वाट बघत बसले होते, ते वाक्य असलेलं तुमचं कार्ड पर्समध्ये घालून.

आपली ओळखच मुळी दुरुस्तीतून झाली. कुणाच्या तरी घरची गणपतीची आरती आटोपली होती आणि तुम्ही सोफ्यावर बसून कुणाला तरी सांगत होता की, स्वीडिशमध्ये कितीतरी शब्द जर्मनमधून गेलेत. मी वाटली डाळ खाता खाता मधूनच म्हटलं, "जर्मन नाही, उत्तरेकडची लो जर्मन." ना ओळख ना पाळख. दुसरी कुणी असती तर चिडली असती. तुम्ही सरकून जागा केलीत. "अगं मग बस ना इथे, उभी काय राहिलीस? आणि तुला कुठून आली स्वीडिश?" कंपनीने चार वर्षं गॉथेनबर्गला पाठवलं होतं, यंत्रांची माहितीपत्रकं तपासायचं काम आहे, दिवसभर लोकांची वाक्यं खोडत असते, असं मी सांगितलं. पुण्यातल्या कॉलेजात जन्मभर जर्मन शिकवलेल्या तुम्ही म्हणालात, "म्हणजे आपण दोघी एकाच धंद्यातल्या."

निखिलचे बाबा, अण्णा, गेल्यावर तुम्ही इथे निखिलकडे आला होता. मुलगा-सून कामावर, नातवंड नाही, आणि तुमच्या हाताला काम नाही. डबा तुम्हीच काढलात, बिस्किटांचा निळा, पत्र्याचा. दर शनिवारी एक कार्ड: जर्मनकडून स्वीडिशने उसना घेतलेला एक शब्द. तो कुठून आला, वाटेत काय झाला, कसा चालतो, मराठीत त्याच्यासमोर काय ठेवता येईल. आणि शेवटी एक वाक्य, पण ते लिहिणारीच्या स्वतःच्या आयुष्यातलं. हा नियम तुमचा. खिडकीच्या कार्डावर तुम्ही लिहिलं होतं की, पुण्याच्या घराच्या खिडकीतून शेजारच्यांचं भांडण इतकं स्पष्ट ऐकू यायचं की, निकाल आपणच द्यावासा वाटे. लिहिणारीने कोपऱ्यात आधी सही करायची, एकच अक्षर. तपासणारीने तपासून शेजारी आपलं अक्षर घालायचं. दोन्ही अक्षरं पडली की कार्ड बंद. तोवर ते उघडं, डब्यात सगळ्यात वर.

माझ्या मुलीने, इराने एकदा विचारलं होतं, "बट हू विल रीड धिस, लाह?" तुम्ही तिला शांतपणे म्हणालात, "नोबडी. म्हणून तर नीट करायचं." मी ते घरी येऊन दोनदा सांगितलं, नवऱ्याला आणि फोनवर आईला. मला तुमचा फार अभिमान वाटायचा. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तोंडावर कौतुक करायचं म्हटलं की माझी जीभ जड होते, चूक दाखवायची असली की मात्र ती तयारच असते.

'एक्ता'चं कार्ड तुम्ही आणलंत ते साधारण वर्षभरापूर्वी. किती सुंदर केलं होतं ते! फार जुन्या जर्मनमध्ये 'ए' म्हणजे रूढी, कायदा आणि त्यातूनच लग्न. कायद्याला धरून असेल ते 'एहाफ्ट'. उत्तरेकडच्या लोकांच्या तोंडी त्यातल्या 'फ्ट'चं 'ख्ट' झालं, मधलं सगळं झिजलं आणि 'एख्ट' उरलं. तिकडचे व्यापारी जहाजं घेऊन स्वीडनच्या बंदरांत उतरले, त्यांच्या सामानातून हा शब्दही उतरला आणि तिथे 'एक्ता' झाला. आधी अर्थ होता कायदेशीर: लग्नाचा नवरा, लग्नातलं मूल. मग हळूहळू अर्थ पसरला आणि बनावट नसलेलं ते सगळंच 'एक्ता' झालं. मोती, रेशीम, दोस्ती. लग्नाला मात्र ते लोक अजूनही याच शब्दावरून केलेलं नाव वापरतात.

खाली चालीबद्दल लिहिलं होतं. जर्मनमध्ये हे विशेषण पुढचं नाम बघून सारखं आपलं शेपूट बदलतं. स्वीडिशमध्ये गेल्यावर ते हट्टाने एका जागी बसलं. नाम कुठल्याही लिंगाचं असो, एक असो, अनेक असोत, 'एक्ता' ते 'एक्ता'च. आणि मराठीत त्याच्यासमोर तुम्ही 'खरा' ठेवला नव्हता, कारण तो खरा-खरी-खरं होतो. तुम्ही 'अस्सल' ठेवला होता. अस्सल पैठणी, अस्सल हापूस, अस्सल सोनं. तोही आपला नव्हे, अरबीतून आलेला, आणि तोही कुणासाठी बदलत नाही. मी ते वाचून टेबलावर हात आपटला होता, आठवतं? तुमची तेह सी हिंदकळली. त्यावेळी तेवढ्यावर थांबले असते तर काय बिघडलं असतं!

शेवटचं वाक्य तुम्ही स्वीडिशमध्ये लिहिलं होतं, पेनने, तुमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. 'निखिल एर मित एक्ता बार्न.' खाली मराठी: 'निखिल माझं अस्सल मूल आहे.' कोपऱ्यात तुमचा 'वि'.

मी हसले. "ताई, मूल काय साजूक तूप आहे का, अस्सल असायला?"

तुम्हीही हसलात, पण थोड्या उशिरा. म्हणालात, "तिन्ही भाषांत मूल नपुंसकलिंगी आहे बघ. दास किंड, एत बार्न, ते मूल. म्हणून घेतलं. चाल दाखवायला बरं पडतं."

"चाल ठीक आहे हो. पण 'एक्ता'च्या पुढे मूल आलं की जुना कायद्यातला वास येतो. औरस मूल! आता असं कुणी लिहीत नाही. निखिल औरस आहे हे आपण कार्डावर कशाला जाहीर करायचं?" आणि मी पर्समधून लाल पेन काढून 'बार्न'वर आणि 'मूल'वर रेघ मारली. निखिलच्या नावावरही मारली. वर लिहिलं: 'हा पट्टा अस्सल चामड्याचा आहे.' "चामडं घाला. तेही नपुंसकलिंगी. प्रत्येक पट्ट्यावर छापलेलं असतं, कुणालाही कळेल."

तुम्ही कार्ड हातात घेऊन बघत राहिलात. मग म्हणालात, "राहू दे उघडं."

मला वाटलं, तुम्हाला राग आला. रागच आला असता तर किती बरं झालं असतं, ताई. तुम्ही मला दोन शब्द सुनावले असते, मी परत दोन सुनावले असते आणि त्या भांडणात कधीतरी खरी गोष्ट बाहेर पडली असती. तुम्ही भांडला नाहीत. पुढचे सगळे शनिवार ते कार्ड तुम्ही न चुकता सगळ्यात वर ठेवून आणलंत आणि मी दर वेळी "अहो, टाका ना चामडं, संपवा एकदाचं" म्हणून ते बाजूला सरकवलं.

पुलाउ उबीन बेटावर गेलो होतो तो दिवसही मी आता पुन्हा पुन्हा आठवते. बाराजण जमल्याशिवाय बोट सुटत नाही, आणि आपण दोघी धरून सातच होतो. धक्क्यावर बाकावर बसून तुम्ही शेंगदाणे सोलत होता. मधेच विचारलंत, "उल्का, तुमच्या धंद्यात खोडलेलं परत आणायची काही खूण असते का गं?"

"असते ना. खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची. म्हणजे राहू द्या, काढू नका. पण मला ती द्यायची वेळ येत नाही. मी खोडलेलं खोडलेलंच असतं."

तुम्ही म्हणालात, "हो का." मग थोड्या वेळाने, "एखादी गोष्ट फार वर्षं सांगायची राहिली, तर ती मग सांगावी की नाही, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "कुठली गोष्ट त्यावर आहे." तुम्ही तोंड उघडलंत, आणि तेवढ्यात पाच सायकलवाले आले, बाराजण झाले, बोटवाल्याने हाका मारल्या. आपण उठलो. पलीकडे उतरल्यावर मी तुम्हाला विचारायला हवं होतं, ताई, तुम्ही काय सांगत होता म्हणून. एवढं साधं वाक्य. मी विचारलं नाही, कारण उतरल्यावर मला पाटीवर चुकीचं स्पेलिंग दिसलं आणि मी त्याचा फोटो काढत बसले.

आणि शेवटचा शनिवार. त्या दिवशी तुम्ही पुन्हा ते कार्ड पुढे केलंत आणि म्हणालात, "बाहेरून आलेल्याला आपण एकदा आपलं म्हटलं, की त्याने आपल्यासारखं वळावं असा आग्रह उरत नाही बघ. तो आहे तसा आपला होतो. 'अस्सल' बघ, 'एक्ता' बघ."

मला ते पटलं नाही. पटलं नाही म्हणजे काय, मला त्यात फट दिसली आणि फट दिसली की मी बोट घालणारच. "आणि 'ताजा'? तो फारसीतून आलाय. ताजा मासा, ताजी भाजी, ताजं दूध. चांगला आपल्यासारखा वळतो की. ताई, बाहेरून येण्याचा काही संबंध नाही. शेवटी 'आ' असला की वळतो, नसला की नाही. संपलं."

तुम्ही थोडा वेळ चमचा फिरवत बसलात. "हो गं," म्हणालात, "ते माझ्या लक्षातच आलं नाही."

मी जिंकले. घरी जाताना बसमध्ये मी खुशीत होते, हे तुम्हाला कबूल करते. मंगळवारी सकाळी निखिलचा फोन आला की आईने चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि तिथेच खाली बसली.

तेराव्याला निखिलने डबा माझ्या हातात दिला. "उल्काताई, हे तुमचं दोघींचं. आम्हाला यातलं काही कळत नाही." मी तो आमच्या मरीन परेडच्या घरी आणला आणि दोन दिवस उघडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत बसून उघडला. 'एक्ता' सगळ्यात वर. माझं लाल चामडं ठळक. मी ते कार्ड उलटं केलं, कारण सुलट बाजू बघवेना.

मागे पेन्सिलीने तुमचं जर्मन होतं. बारीक, घाईचं. स्वीडिशच्या आधाराने आणि तुम्ही शिकवलेल्यावर मी ते अडखळत वाचलं. '२१ दिवसांचा होता. संस्थेतून मीच उचलून आणला. त्याला माहीत नाही. उल्काला विचारायचं: आता सांगावं का?' खाली 'शनिवारी' असं लिहून खोडलेलं. त्याखाली पुन्हा 'शनिवारी'. तेही खोडलेलं. तिसऱ्यांदा लिहिलं होतं, ते खोडलं नव्हतं.

मी किती वेळ तशी बसले ते सांगत नाही. तुम्हाला रडगाणं आवडायचं नाही. एवढंच सांगते की मी कार्ड पुन्हा सुलट केलं आणि ते वाक्य एका वर्षाने पहिल्यांदा वाचलं. त्याआधी मी ते फक्त तपासलं होतं. तुम्ही मला तुमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट लिहून दिलीत, नियमाप्रमाणे, खाली सही करून. आणि मी तुमच्या पोराला खोडून त्या जागी पट्टा घातला. वर औरस हा शब्दही माझ्याच तोंडून निघाला. तुम्ही 'राहू दे उघडं' एवढंच का म्हणालात, हे आता कळतं. 'ताजा'चा मुद्दा तर बोलूच नका. तुम्ही व्याकरण सांगतच नव्हता, आणि मी तुमच्याशी व्याकरणावर भांडले.

पुढचे आठ-नऊ दिवस मी त्या कार्डाचं काय करायचं या विचारात काढले. सांगावं, तर आई गेल्याला महिना झालेला नाही आणि हे कळून त्या माणसाचं काय होईल? सांगू नये, तर तुम्ही तिसऱ्यांदा लिहिलेलं 'शनिवारी' खोडणारी मी कोण? एकदा वाटलं, फाडून टाकावं. हात लावला आणि मागे घेतला. एक वर्षापूर्वी खोडलं तेवढं पुरे झालं.

मग गुरुवारी त्याचाच फोन. "उल्काताई, एक विचारायचं होतं. आई एकदा हसत हसत म्हणाली होती, तुझ्यावर एक कार्ड केलंय पण उल्काने नापास केलं. ते आहे का? मला बघायचंय."

पळायला वाट नव्हती. म्हटलं, शनिवारी ये, आमच्या टेबलाशी.

काल तो आला. तुमच्याच खुर्चीत बसला, तुमची गार होत आलेली तेह सी पुढे ओढली आणि घोट घेऊन म्हणाला, "आई किती गोड प्यायची." मी म्हटलं, "ही कमी साखरेची आहे." तो हसला. डोळे सुजलेले होते त्याचे. मी कार्ड काढून सुलट बाजू वर करून त्याच्या पुढे ठेवलं. स्वीडिश त्याला येत नाही, मराठी येतं. त्याने मी मारलेल्या रेघेखालून वाचलं. "अस्सल मूल," असं दोनदा म्हणाला. मग मी थांबवायच्या आत त्याने कार्ड उलटं केलं.

"हे काय लिहिलंय?"

ताई, मी खोटं बोलले. "काही नाही रे, शब्दाचं टिपण आहे. जर्मन."

तो पुन्हा कार्डावर वाकला. मग कार्डावर बोट ठेवून म्हणाला, "आकडा मला वाचता येतो. एकवीस. एकवीस दिवस." आणि माझ्याकडे बघून, अगदी हळू, "मला माहीत आहे, उल्काताई. चार वर्षं झाली."

तुम्हाला हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून सांगते. तुम्हाला इथे आणण्यासाठी लाँग टर्म व्हिजिट पासचा अर्ज केला, तेव्हा आई-मुलाचं नातं दाखवणारा कागद हवा होता. तुम्ही त्याला म्हणाला होता, बर्थ सर्टिफिकेट घर बदलताना हरवलं, शाळेच्या दाखल्यावर भागव. "माझी आई कागद हरवेल?" निखिल म्हणाला. "तिने माझी बालवाडीची प्रगतिपुस्तकं ठेवलीयत. मी पुण्याला आलो होतो. ती भाजीला गेली तेव्हा मी कपाट उघडलं. शालूच्या खाली पाकीट होतं. सर्टिफिकेट आणि दत्तकाचा कोर्टाचा हुकूम, एकत्र. हुकमात लिहिलं होतं, मूल एकवीस दिवसांचं. मी फोटो काढले आणि पाकीट होतं तसं ठेवलं. अर्जाला तेच जोडलं. तिला सांगितलं, शाळेच्या दाखल्यावर काम झालं."

"मग?"

"मग काय. खूश झाली. शिरा केला."

म्हणजे ज्या कागदाला तुम्ही एवढ्या भीत होता, त्याच कागदावर तुम्ही इथे राहात होता, ताई. त्याच कागदाने तुम्ही त्याची आई होता, तुमच्या शब्दाच्या सगळ्यात जुन्या अर्थाने. आणि त्याने तो जपून पुन्हा शालूखाली घातला होता.

मी विचारलं, "तू तिला बोलला का नाहीस?"

"तिने लपवलं म्हणजे तिला नको असेल, असं वाटलं. मी बोललो असतो तर तिला वाटलं असतं, मी जाब विचारतोय. मला काही विचारायचं नव्हतं. मला फक्त..." तो थांबला. मग कार्डावरच्या पेन्सिलीच्या अक्षरावरून, ते पुसलं जाणार नाही अशा बेताने, बोट फिरवत म्हणाला, "ती कधी सांगणार होती का, एवढंच मला माहीत नाही. ते आता कळणार नाही."

तेव्हा मी वाचलं. शब्दन् शब्द, आधी तुमचं जर्मन, मग मराठी. 'उल्काला विचारायचं' तेही वाचलं. तिन्ही शनिवार वाचले. आणि मग त्याला सांगितलं की, तिने मला विचारण्यासाठीच हे वाक्य लिहिलं होतं, वर्षभर ती हे कार्ड घेऊन माझ्यासमोर बसत होती, आणि मी तिला चामडं घाला म्हणत होते. मी ऐकून घेतलं असतं तर मी तिला सांगाच म्हटलं असतं. ती तुला बोलली असती. तू म्हणाला असतास, मला माहीत आहे. तुम्हा दोघांना एक वर्ष मिळालं असतं.

माफ कर, असं मी त्याला म्हटलं. तुम्हाला म्हणायचं होतं ते त्याला म्हटलं.

तो 'असू दे' म्हणाला नाही. बरं झालं. म्हणाला असता तर मला खरं वाटलं नसतं. शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे मोठ्याने भांडत होते, कॉफीवाली आंटी आमचे कप उचलायला आली आणि निखिलला बघून थबकली. "यू हर सन, अह? सेम फेस," म्हणाली. निखिलने तिच्याकडे बघितलं. "येस, आंटी," म्हणाला. मग तो हसायला लागला आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागला. माझंही तेच झालं. आंटी गोंधळून कप तिथेच सोडून गेली.

थोड्या वेळाने त्याने कार्ड माझ्याकडे सरकवलं. "का नापास केलं होतं तुम्ही? वाक्य चुकीचं आहे?"

"नाही. बरोबर आहे."

"मग दुरुस्त करा."

माझ्या पर्समध्ये लाल पेनच असतं. मी आधी पट्टा आणि चामडं खोडलं. मग तुमच्या वाक्याखाली टिंबं द्यायला लागले. 'निखिल'खाली, 'बार्न'खाली, 'मूल'खाली, माझी रेघ जिथून जिथे गेली होती तिथवर. निखिलने विचारलं, हे काय. मी सांगितलं, आमच्या धंद्यातली खूण आहे. खोडलेलं राहू द्या, असा अर्थ. त्याला पुलाउ उबीनच्या धक्क्याचं सांगितलं नाही. ते तुमचं-माझं.

टेबलाचा पाय डुगडुगत होता, तेव्हा त्याने हाताने टेबल दाबून धरलं. मी कोपऱ्यात तुमच्या 'वि'शेजारी 'उ' घातला.

कार्ड निखिलने नेलं. डब्यात त्याची जागा रिकामी ठेवली आहे, ताई.